बाजार पालिकेचा, जाब आमदाराला: गोव्यातील एका छोट्या शहराचे प्रकरण

शहर, पक्ष, प्रभाग, दुकानांची संख्या आणि रकमा ओळख पटू नये म्हणून बदलल्या आहेत. कायदे, मुदती आणि फाईल फिरण्याचा क्रम आहे तसाच ठेवला आहे. ज्यांच्याविषयी हे लिहिले आहे त्यांना इथे फक्त 'आमदार' म्हटले आहे.

पार्श्वभूमी

गोव्याची विधानसभा 40 जागांची. 2022 मध्ये मतदार होते साडेअकरा लाखांच्या घरात, म्हणजे एका आमदारामागे सरासरी 29 हजार. महाराष्ट्रात हाच आकडा तीन लाखांच्या वर जातो. त्यामुळे गोव्यातला आमदार मतदाराला नावाने, निदान आडनावाने आणि वाड्याने ओळखतो, आणि मतदारही त्याच्या दारात थेट येतो. निकालही तसेच काठावर लागतात. 2022 मध्ये फोंड्याची जागा 77 मतांनी ठरली आणि सांत आंद्रेची 76 मतांनी. दोन मोठ्या कुटुंबांनी मन बदलले तरी आमदार बदलतो, असे इथे म्हणतात. त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

आमचे आमदार 'ब' वर्ग पालिकेच्या शहरातले. वडिलांचे बाजारात लोखंडी सामानाचे दुकान. आमदार स्वतः आधी दोनदा नगरसेवक झाले आणि पॅनलमधल्या समजुतीप्रमाणे सव्वा वर्ष नगराध्यक्षही. गोव्यातल्या पालिकांत ही खुर्ची पाच वर्षांत तिघा-चौघांत फिरते. ज्याची पाळी येते तो जाण्याआधी एखादी कोनशिला बसवून जातो. विधानसभेची पहिली निवडणूक ते हरले, दुसरी सहाशेच्या आसपास मतांनी जिंकले आणि विरोधी बाकांवर बसले. मतदारसंघात शहराचे 14 प्रभाग आणि भोवतालच्या तीन पंचायती. मते साधारण निम्मी-निम्मी.

सकाळी साडेसातपासून घरी माणसे यायची. कोणाचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे अडकलेले, कोणाचा गृहआधार या गृहिणींच्या मदत योजनेचा अर्ज परत आलेला, कोणाला बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, खाट हवी. मुंडकारीचा, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवरच्या राहत्या घराच्या हक्काचा, दावा मामलतदाराकडे वर्षानुवर्षे पडून असलेले लोक तर ठरलेलेच. नोकरीच्या चिठ्ठ्या सगळ्यांत जास्त. 2019 च्या कर्मचारी निवड आयोगाच्या कायद्यानंतर चिठ्ठीचे वजन कमी व्हायला हवे होते, पण चिठ्ठी मागणे काही थांबले नाही. यातल्या बहुतेक कामांचा निर्णय आमदाराच्या हाती नसतो. तरी त्याने फोन केला नाही तर 'भाई बदलले' असे ऐकू येते.

प्रचारात दिलेले मुख्य वचन मात्र एकच होते: नवा बाजार.

अडचण

जुना बाजार गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या दोन दशकांत टप्प्याटप्प्याने उभा राहिलेला. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले, मागे नंतर जोडलेली पत्र्याची मासळीची शेड. 58 दुकाने, दीडशेच्या आसपास ओटे आणि बाहेर रस्त्याच्या कडेला बसणारे वेगळे. मासळीचे पाणी आणि भाजीचा कचरा एकाच उघड्या गटारात. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने तपासणी करून दोन भाग धोकादायक ठरवले होते, आणि तो अहवाल पालिकेच्या कपाटात तीन वर्षे पडून होता.

पण धोकादायक भिंतीपेक्षा या कामात जास्त अडवतो तो कागद. बाजारात बसणारे तीन प्रकारचे असतात आणि तिघांचा हक्क वेगळा.

पहिले दुकानाचे भाडेकरू. करारपत्र आजोबांच्या नावे, भाडे जुन्या काळचे, आणि दुकानात बसतो तो तिसराच. मूळ भाडेकरू वारला तर पालिका वारसा दस्त मागते. गोव्यात वारसांची यादी लांब असते आणि पती-पत्नीच्या सामाईक मालकीमुळे सह्याही दुपटीने लागतात. मुंबईला किंवा लिस्बनला गेलेल्या एका भावाच्या सहीसाठी पूर्ण दुकान अडते.

दुसरे ओटेवाले. यांच्याकडे रोजच्या सोपोची पावती असते. सोपो म्हणजे बसण्याची फी. जागेवरचा हक्क त्यातून मिळत नाही. पण वाद झाला की दाखवायला तेवढाच कागद, म्हणून म्हातारी मासळीवाली वीस वर्षांच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवते. सोपो गोळा करण्याचे काम ठेक्याने दिलेले असेल तर ठेकेदार किती पावत्या फाडतो आणि किती पैसे पावतीविना घेतो, हा आणखी एक प्रश्न.

तिसरे रस्त्यावरचे विक्रेते. यांना 2014 चा पथविक्रेता कायदा लागू होतो. त्या कायद्याने पालिकेत नगर पथविक्रेता समिती असावी लागते, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. नंतरही हलवायचे तर 30 दिवसांची नोटीस. आमच्या शहरात समिती कागदावर होती, सर्वेक्षण नव्हते.

याद्याही तीन. सोपो ठेकेदाराची 171 जणांची, पालिकेच्या नोंदवहीतली 148 आणि बाजारकारांच्या संघटनेची 226.

आणि हे सारे पालिकेचे. बाजाराची मालकी पालिकेची, अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांकडे, पैसा राज्य नगरविकास यंत्रणेकडून, आराखड्याची परवानगी नियोजन प्राधिकरणाची. आमदाराला यात कुठेच सही नाही. पालिकेतले पॅनल त्याचे असेल तर त्याचे ऐकतात इतकेच, आणि या वेळी पॅनल फुटून 8 विरुद्ध 6 झाले होते. बहुमत दुसऱ्या गटाकडे.

समोरचे पर्याय

पहिली दोन वर्षे फाईल 'विचाराधीन' राहिली. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमदारांनी घरी बसून चार वाटा तपासल्या.

पहिली, सत्ताधारी पक्षात जाणे. कार्यकर्त्यांचा कल याच बाजूला. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीनंतर एक तृतीयांशांची फूट चालत नाही. विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश आमदारांनी विलीनीकरण केले तरच अपात्रता टळते. गोव्याला हे गणित पाठ आहे: 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10, 2022 मध्ये 11 पैकी 8. आमदारांच्या पक्षात मात्र आकडा जमत नव्हता, दोन माणसे कमी पडत होती. जमला असता तरी पदरात काय पडले असते? छोट्या राज्यात मुख्यमंत्र्यांसह 12 मंत्री ही कमाल. गटाने गेलेल्यांत मंत्रिपद एखाद-दुसऱ्याला, बाकीच्यांना महामंडळ. आणि 2019 च्या त्या दहांपैकी 2022 मध्ये पुन्हा निवडून आले ते तिघेच, हेही नंतर दिसले. लोक पक्षांतराला माफ करतात तेव्हा काम उभे दिसावे लागते, हे आमदारांचे त्या वेळचे मत होते. ते बरोबर होते असे पुढच्या घटनांवरून वाटते.

दुसरी, राजीनामा देऊन सत्ताधारी पक्षाच्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवणे. 2018 मध्ये दोन आमदारांनी हे केले आणि 2019 च्या एप्रिलमधल्या पोटनिवडणुकीत दोघेही जिंकले. यात अपात्रतेची टांगती तलवार नाही, पण सहाशे मतांच्या आघाडीवर हा जुगार खेळावा अशी पुंजी नव्हती. शिवाय निवडणुकीचा खर्च दुसऱ्यांदा. कागदावरची मर्यादा आणि प्रत्यक्ष खर्च यांतले अंतर कोणाला सांगायला नको.

तिसरी, विरोधात राहून विधानसभेत रान उठवणे. नाव होते, फाईल हलेलच असे नाही.

चौथी, विरोधात राहायचे पण श्रेय सोडायचे. भूमिपूजन मंत्र्यांनी करावे, कोनशिलेवर पहिले नाव त्यांचे, पालिकेतल्या विरोधी गटालाही व्यासपीठ, बदल्यात प्रशासकीय मान्यता. कार्यकर्त्यांना ही वाट अजिबात पसंत नव्हती. "भाई, भांडलो आम्ही आणि हार घालणार त्यांच्या गळ्यात?" हा त्यांचा सवाल.

काय केले

आमदारांनी तिसरी आणि चौथी वाट एकत्र केली, आणि सुरुवात प्रश्नोत्तराच्या तासापासून केली. इथे एक बारकावा आहे जो नव्या आमदारांना कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षी त्यांनी विचारले होते, 'बाजार प्रकल्प कधी सुरू होणार?' उत्तर ठरलेले: प्रस्ताव विचाराधीन. तिसऱ्या वर्षी एलएक्यू, म्हणजे विधानसभेतला प्रश्न, बदलला. फाईल कोणत्या तारखेला कोणत्या खात्याकडे गेली, काय शेरा होता, परत कधी आली, याचा तारीखवार तपशील मागितला. असे उत्तर खालच्या टेबलापासून तयार होत वर जाते, आणि प्रत्येक टेबलाला आपल्याकडे फाईल किती दिवस होती हे लिहावे लागते. उत्तर सभागृहात पोचायच्या आतच फाईलची दोन टेबले ओलांडून झाली होती. दुसरे, पालिका प्रशासनाच्या मागण्यांवर कपात सूचना (खात्याच्या खर्चात कपात मागणारा प्रस्ताव) देऊन धोकादायक इमारतीचा अहवाल सभागृहाच्या कामकाजात आणला. अहवाल नोंदीवर आल्यावर पावसाळ्यात भिंत पडली तर जबाबदारी कोणाची, हे आपोआप ठरते.

मग मंत्र्यांशी बैठक. आराखड्यात तळमजला अधिक दोन मजले आणि तळघरात पार्किंग होते. आमदारांनी तळघर आणि वरचा मजला काढायला लावला. तळघराच्या जागी पावसात पाणी भरते आणि पंप कायमचे चालवावे लागतात. वरच्या मजल्यावर गिऱ्हाईक चढत नाही. हा निर्णय चांगला होता. खर्च 21 कोटींवरून 14 कोटींवर आला आणि मंत्र्यांनाही सही करणे सोपे गेले. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, खर्चाची मंजुरी, निविदा हे सगळे अकरा महिन्यांत झाले. गोव्याच्या मानाने वेग बरा म्हणायचा. भूमिपूजन मंत्र्यांनी केले.

कार्यादेश निघाला चौथ्या वर्षाच्या मार्चमध्ये. ठेकेदाराच्या 18 महिन्यांचे घड्याळ त्या दिवसापासून सुरू झाले. आणि तेव्हा लक्षात आले की मुख्य अंदाजपत्रकात तात्पुरत्या बाजाराची तरतूदच नाही.

प्रकरणाची सगळी गोम इथे आहे. दीडशे-दोनशे विक्रेत्यांना दीड-दोन वर्षे कुठेतरी बसवायचे असेल तर शेड, सिमेंटची फरशी, उतार, दोन वेगळी गटारे, नळ, वीज आणि शौचालय लागते. हा खर्च मूळ कामात 'तात्पुरती व्यवस्था' म्हणून स्वतंत्र बाबीत दाखवावा लागतो. दाखवला नाही तर तो पालिकेच्या स्वतःच्या निधीतून करावा लागतो, त्याला वेगळा ठराव, वेगळी निविदा. आणि पालिकेत बहुमत दुसऱ्या गटाचे. त्यांनी ठराव अडवला नाही, फक्त दोन बैठका पुढे ढकलला. तेवढे पुरले.

जागा ठरली बसस्थानकामागचे मैदान, एका वस्तीला लागून. शेड उभी राहिली जुलैच्या अखेरीस, भर पावसात. फरशी ओल्यातच ओतली. उतार चुकला आणि तो वस्तीच्या बाजूला गेला. मासळीचे ओटे वरच्या टोकाला आणि भाजीचे खालच्या, म्हणजे मासळीचे पाणी भाजीखालून वाहत वस्तीच्या पायवाटेवर. सहा बाय चार फुटांच्या ओट्यावर दोन पाट्या आणि बसायला पाट ठेवला की पाय ठेवायला जागा नाही. सत्तर ओट्यांमागे नळ एक. पहिल्या सकाळी आमदार पाहणीला गेले तेव्हा एक मासळीवाली म्हणाली, "भाई, ओटा दिलात, आता पाण्याची कळशी घेऊन मी उठू की गिऱ्हाईक बघू?" दुसऱ्या दिवशी दोन नळ वाढले. उतार तसाच राहिला.

तारखेचा घोळ त्याहून मोठा. मासळी बाजार हलवायला वर्षातला सगळ्यांत सोयीचा काळ म्हणजे जूनचा पहिला आठवडा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, माल कमी, गिऱ्हाईक कमी, विक्रेत्याचे नुकसान कमी. मे महिना मात्र पूर्ण सोडायचा, कारण पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी, सुकी मासळी, आमसुले, मिरची हे सगळे तेव्हाच. आणि चतुर्थीच्या आधीचे तीन आठवडे तर हातच लावायचा नाही. माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे, सामान विकणाऱ्या बायकांची वर्षाची कमाई त्या दिवसांत होते. इथे स्थलांतराची नोटीस निघाली ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, चतुर्थीच्या तोंडावर. बाजारकार संघटना कोर्टात गेली. मुद्दा साधा होता: पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण झालेले नाही, 30 दिवस पूर्ण झालेले नाहीत. पालिकेच्या वकिलाकडे उत्तर नव्हते. पालिकेने नोटीस मागे घेतली आणि सर्वेक्षणाला दोन महिने मागितले.

स्थलांतर झाले नोव्हेंबरमध्ये, पाडकाम डिसेंबरच्या मध्यात. जानेवारीत आचारसंहिता लागली. चालू काम आचारसंहितेत थांबत नाही, पण नवी घोषणा किंवा नव्या जागेचे वाटप करता येत नाही. त्यामुळे 'तुमची जागा कोणती' या प्रश्नाला आमदारांकडे लेखी देण्यासारखे काहीच नव्हते.

निष्पत्ती

मतदानाच्या दिवशी बाजाराच्या जागी खड्डा आणि भोवती निळे पत्रे होते. आमदार 312 मतांनी हरले.

निकालानंतर नमुना 20 मिळतो, त्यात मतदान केंद्रनिहाय आकडे असतात. तो नीट वाचला तेव्हा कार्यकर्त्यांचा समज उलटा ठरला. त्यांचा हिशेब असा होता की दोनशे विक्रेते, घरटी चार-पाच मते, म्हणजे हजार मते बिथरली. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त विक्रेते शेजारच्या पंचायतींतले, काही तर दुसऱ्या तालुक्यातले. त्यांची मते या मतदारसंघात नव्हतीच. बाजाराजवळच्या केंद्रांवर आमदारांची मते जवळपास तितकीच राहिली. घसरण झाली तात्पुरत्या शेडच्या वस्तीतल्या दोन केंद्रांवर. मागच्या वेळी तिथे 240 ची आघाडी होती, या वेळी 130 ची पिछाडी. म्हणजे एकट्या त्या दोन केंद्रांतला फरक पराभवाच्या आकड्याहून मोठा. मासळीचे पाणी आणि पहाटे चारला येणारे टेम्पो यांनी जे केले ते विरोधकांच्या प्रचाराने केले नव्हते. पंचायतींतही थोडी घट होती. तिथे बोलणे असे की भाई पाच वर्षे बाजार-बाजार करत बसले, आमचा रस्ता राहिला.

इमारत पूर्ण झाली मुदतीनंतर चौदा महिन्यांनी. उद्घाटन नव्या आमदारांनी केले. तळमजला पहिल्या आठवड्यापासून भरला. पहिल्या मजल्यावरची 26 दुकाने वर्षभर कुलपात होती, त्यातली 11 वारसा दस्तासाठी आणि बाकीची भाडे ठरत नाही म्हणून.

वेगळे काय करता आले असते

श्रेय सोडण्याचा निर्णय चुकला असे आम्हाला वाटत नाही. त्याच्यामुळेच मान्यता आली. फक्त सौदा करताना एक अट कमी पडली. मंत्र्यांकडून मागायची ती नुसती मान्यता नव्हे, तात्पुरत्या बाजाराच्या बाबीसह मान्यता. चौदा कोटींच्या कामात साठ-सत्तर लाखांची ती बाब कोणी नाकारली नसती. पालिकेतल्या आठजणांच्या हाती अडवण्याचे हत्यार मग राहिलेच नसते.

क्रम उलटा हवा होता. आधी सर्वेक्षण आणि एक यादी, मग निविदा. तीन याद्यांची एक यादी करायला आमदाराची सही लागत नाही, मंत्र्याचीही नाही. मुख्याधिकारी, पथविक्रेता समिती आणि दोन महिने रोज सकाळी सहा ते नऊ बाजारात बसणारे दोन कारकून एवढे पुरते. प्रत्येकाचा ओट्यासह फोटो, सोपोची पावती, आधार, आणि यादी आठ दिवस पालिकेच्या फलकावर हरकतींसाठी. हे पहिल्याच वर्षी करता आले असते, कारण त्याला पैसाही लागत नाही. आमदार तेव्हा सभागृहात 'कधी सुरू होणार' विचारत होते.

मार्चमध्ये कार्यादेश हाती आल्यावरही एक संधी होती. शेडचे काम मेअखेर संपत नाही हे दिसताच ठेकेदाराचा प्रारंभ दिनांक लेखी पुढे ढकलून घ्यायचा आणि बाजार चतुर्थीनंतर हलवायचा. पाडकाम तरीही डिसेंबरआधी झाले असते, कोर्टाची पायरी टळली असती. आमदारांना ही सूचना एका निवृत्त कनिष्ठ अभियंत्याने केली होती. निवडणुकीआधी पाया तरी वर दिसावा, या घाईत ती मागे पडली.

शेडच्या जागेबद्दल मतभेद आहेत. काहींच्या मते बसस्थानकामागचे मैदान हाच एकमेव पर्याय होता. असेल, पण मग उतार उलट्या बाजूला, मासळी खालच्या टोकाला, तिचे पाणी बंद टाकीत आणि टेम्पोंना वस्तीच्या बाहेरून वाट, हे चार मुद्दे वस्तीतल्या लोकांना बोलावून आधी ठरवायचे. ती बैठक झालीच नाही. विक्रेत्यांबरोबर सात बैठका झाल्या, कारण आवाज त्यांचा होता.

माजी आमदार आता पुन्हा पालिकेत आहेत, स्वतःच्या प्रभागातून निवडून आलेले. पहिल्या मजल्याच्या वाटप समितीवर त्यांना घेतले आहे. मूळ भाडेकरूच्या वारसांपैकी प्रत्यक्ष धंदा करणाऱ्याला तात्पुरता परवाना द्यायचा, बाकीच्यांचा हक्क वारसा दस्त येईपर्यंत राखून ठेवायचा आणि भाडे एका खात्यात जमा करत राहायचे, असा त्यांचा ठराव मागच्या बैठकीत 9 विरुद्ध 5 असा मंजूर झाला. अकरापैकी सहा दुकाने त्यावर उघडली. उरलेल्या पाचांपैकी तीन दुकानांचे वारस भाऊ अजून आपसांत बोलत नाहीत.